निव्वळ वजनाचा आकडा नेमका कुठून येते? डेटा सर्व्हिसेसमधी कॉलमची लिनिएज कशी काढायची

राळेगावकडचा

नमस्कार मंडळी. मी एका कापूस खरेदी-जिनिंगवाल्या कंपनीत रिपोर्टिंग पाहतो, ऑफिस इथं तालुक्याच्या गावीच आहे, हेड ऑफिस नागपूरला. रोज सकाळी साहेब लोकांना डॅशबोर्ड जाते, कोणत्या सेंटरवर किती कापूस आला, किती गठाणी बांधल्या, सरकी किती निघाली वगैरे. आता होऊन असं राहिलं की दोन सेंटरचा "निव्वळ वजन" हा आकडा तिथल्या वहीशी जुळूनच नाही राहिला, डॅशबोर्डवर कमी दिसते. बाकीच्या सेंटरचं बरोबर आहे. सेंटरवाले म्हणतात आमची वही खरी, नागपूरवाले म्हणतात सिस्टम खरी, आणि मधात मी.

सेटअप असा आहे: काट्याच्या सॉफ्टवेअरमधून डेटा येते, सॅप डेटा सर्व्हिसेसमधून स्टेजिंगला (मधातली तात्पुरती टेबलं) आणि तिथून वेअरहाऊसला (रिपोर्टाचा मुख्य डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हरवर) जाते, त्याच्यावर डॅशबोर्ड. हे सगळं ज्या एजन्सीनं बांधलं ती केव्हाच गेली, कागद एक नाही ठेवला, जॉबची नावं पाहून अंदाज करत बसा.

लिनिएज म्हणजे आकडा कुठून कुठं गेला याचा माग. त्यासाठी मी डेटा सर्व्हिसेसच्या मॅनेजमेंट कन्सोलमधी इम्पॅक्ट अँड लिनिएज अ‍ॅनालिसिस उघडलं, टेबल सापडलं, स्टेजिंगच्या टेबलापासून बाण पण दिसून राहिला. पण कॉलमवर क्लिक केलं की काहीच नाही, रिकामं. मग हे लिनिएज दाखवते म्हणतात ते काय दाखवते? आणि असा एक आकडा मुळापर्यंत न्यायचा असला तर सुरुवात कुठून करायची, सोर्सकडून का रिपोर्टाकडून? कोणी केलं असेल तर जरा उलगडून सांगा, नुसती डॉक्युमेंटची लिंक नका देऊ, ती वाचली.

वरुडची_ताई

रिपोर्टाकडून. नेहमी रिपोर्टाकडून, मागं मागं. सोर्सकडून निघालास तर एकेक टेबल पन्नास ठिकाणी फुटते आणि तुला पाहिजे तो रस्ता कोणता ते कळत नाही, रिपोर्टाकडून निघालं की दर पायरीला एकच प्रश्न राहते, हा कॉलम याच्या आधी कुठं होता.

आता तुझं रिकामं काहून दिसते ते सांगते. डेटा सर्व्हिसेस टेबलाचं नातं वेगळं ठेवते आणि कॉलमचं वेगळं. कोणतं टेबल कोणत्या डेटा फ्लोमधी (डेटा इकडून तिकडं नेणारं एकेक काम) आहे हे रिपॉझिटरीत (टूलच्या स्वतःच्या नोंदींचा डेटाबेस) राहतेच, म्हणून तुला बाण दिसला. पण कॉलमचं मॅपिंग आधी कॅल्क्युलेट करून ठेवावं लागते, ते केलेलं नसलं की कन्सोलला दाखवायला काही नसतेच. डिझायनरमधी टूल्स, ऑप्शन्स, मग डिझायनरखाली जनरलमधी "ऑटोमॅटिकली कॅल्क्युलेट कॉलम मॅपिंग्ज" असा टिक आहे, तो बंद असंल. तो चालू कर, आणि जुन्या फ्लोंसाठी ऑब्जेक्ट लायब्ररीत राइट क्लिक करून रिपॉझिटरीखालचं "कॅल्क्युलेट कॉलम मॅपिंग्ज" एकदा चालव. रिपॉझिटरी मोठी असली तर वेळ लागते, जेवायच्या सुट्टीत लावून दे.

ते झालं की मला कन्सोलच्या चित्रापेक्षा सरळ क्वेरी जास्त आवडते. रिपॉझिटरीच्या डेटाबेसमधी "एएलव्हीडब्ल्यू_मॅपिंग" नावाचा व्ह्यू आहे, त्यात टार्गेट टेबल, टार्गेट कॉलम, सोर्स टेबल, सोर्स कॉलम, डेटा फ्लोचं नाव आणि मॅपिंगचा मजकूर असं सगळं एका ओळीत भेटते. टार्गेट कॉलमच्या नावानं फिल्टर लाव, जो सोर्स कॉलम येईल त्याला परत टार्गेट समजून फिल्टर लाव, असं मागं जात राहा. आणि मॅपिंगचा मजकूर वाचल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नको! बाण फक्त इतकं सांगते की इथून तिथं गेलं, जाताना गुणलं का भागलं का नल (रिकामं) असलं तर शून्य टाकलं हे त्या मजकुरातच लिहून असते, आणि आकडा बिघडते तो तिथंच बिघडते.

गावच्या माणसाला हे समजायला सोपं आहे खरं म्हणजे. सातबाऱ्यावर नाव दिसलं म्हणून आपण तेवढ्यावर नाही थांबत, बाजूला फेरफार क्रमांक असते तो धरून सहा नंबरची नोंदवही काढतो, खरेदीखत होतं का वारस नोंद होती का वाटणी ते पाहतो, मग त्याच्या आधीचा फेरफार. मॅपिंगचा मजकूर म्हणजे तुझा फेरफार.

अजून एक, काही गोष्टी या मॅपिंगच्या बाहेर राहतात. लिनिएज डेटा फ्लोवरून बनते. वर्कफ्लोच्या स्क्रिप्टमधी कोणी एसक्यूएल फंक्शननं सरळ अपडेट मारला असंल, किंवा टार्गेट टेबलाच्या पोस्ट-लोड कमांडच्या टॅबमधी काही लिहून ठेवलं असंल तर त्याच्या भरवशावर राहू नको, ते उघडून स्वतः पाहा. एसक्यूएल ट्रान्सफॉर्म वापरला असंल तर ती क्वेरी पण हातानं वाच. एजन्सीवाले घाईत असले की फरक मिटवायला पोस्ट-लोडमधीच काहीतरी टाकून जातात, मी दोन जागी पाहिलं.

हिंगणघाट_जिनिंग

मी काही कॉम्प्युटरवाला नाही, जिनिंगमधी हिशेब पाहतो, पोरानं हा धागा दाखवला म्हणून लिहून राहिलो. भाऊ तुम्ही सगळे आकडा कुठून आला ते विचारून राहिले पण तो आकडा आहे कशाचा ते कोणी विचारलंच नाही. निव्वळ वजन म्हणजे काय तुमच्या कंपनीत? भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली ते? का त्यातून ओलाव्याची कपात काढून उरलं ते? का कचरा-पाल्याची पण कपात काढून?

सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत ओलाव्याची कपात भावात होते, वजनात नाही. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्यावर दर टक्क्याला भावाचा एक टक्का कमी, 12 च्या वर मालच घेत नाहीत. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव 8110 होता, तर 10 टक्के ओलाव्याच्या कापसाला 7947 रुपये 80 पैसे लागले, पण क्विंटल तेवढेच राहिले. खाजगीत काही जण भाव तोच ठेवून वजनातून कापतात. म्हणजे एकाच गाडीचं "निव्वळ वजन" दोन प्रकारचं असू शकते आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तुमच्या एका सेंटरला एक रीत आणि दुसऱ्याला दुसरी असली तर तुमची मशीन काय करणार त्याला.

दुसरं म्हणजे रुईचा उतारा पाहा, म्हणजे कापसातून किती टक्के रुई निघाली ते. 100 क्विंटल कापसाची 34 क्विंटल रुई निघाली, म्हणजे 170 किलोच्या 20 गठाणी. आता सिस्टममधी कापूस 98 च दिसला तर उतारा बसल्या बसल्या 34.7 होते. गठाणी तर मोजून ठेवलेल्या असतात, त्या खोटं नाही बोलत. ज्या सेंटरचा उतारा उगाच चढलेला दिसंल तिथं वजन दाबलं गेलं समजा.

माझा सल्ला एकच, सगळ्या बेरजा सोडा, एक काटापट्टी हातात घ्या आणि ती एकच गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा.

राळेगावकडचा

ताई, काका, दोघांचेही लय लय आभार. काकांनी म्हटलं तसं केलं, त्यातल्या एका सेंटरची काटापट्टी मागवली व्हॉट्सअ‍ॅपवर. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनातला फरक 24.00 क्विंटल, मीटरवर ओलावा 10 टक्के. आमच्या कंपनीत कपात वजनातून होते, 8 च्या वर जेवढे टक्के तेवढे टक्के वजन कमी, म्हणजे 23.52 यायला पाहिजे आणि सेंटरच्या वहीत तेच आहे. डॅशबोर्डवर त्या गाडीचं वजन 23.05!

मग टेबलं पाहिली. स्टेजिंगमधी 23.52, वेअरहाऊसमधी 23.05. आता गंमत नाही, डोकं फिरायची गोष्ट अशी की कॉलम मॅपिंग कॅल्क्युलेट केलं, व्ह्यूमधी क्वेरी मारली, तर मॅपिंगच्या मजकुरात काहीच नाही, सरळ स्टेजिंगचा कॉलम जसाच्या तसा टार्गेटला. पोस्ट-लोड रिकामं आहे. स्क्रिप्ट पण पाहिल्या, त्यात फक्त तारखेचे व्हेरिएबल. ज्या सेंटरचं जुळते तिथली पण एक पट्टी पाहिली, तिथं स्टेजिंगला 24.00 आणि वेअरहाऊसला 23.52. म्हणजे सगळीकडेच मधात कोणीतरी कपात करून राहिलं, पण टूल म्हणते कोणीच काही केलं नाही.

दर्यापूर_डीबीए

23.52 गुणिले 0.98 बरोबर 23.05, म्हणजे कपात दोनदा होऊन राहिली. पहिली कपात स्टेजिंगच्या आधी झाली फक्त त्या दोन सेंटरला, दुसरी सगळ्यांना होते स्टेजिंगच्या नंतर. दोन वेगळे शोध आहेत, एकत्र नका करू.

दुसरीचं सांगतो. ईटीएल टूलला (डेटा उचलून, बदलून दुसरीकडं भरणारं टूल, इथं डेटा सर्व्हिसेस) त्याचं स्वतःचं काम माहीत असते, डेटाबेसच्या आत कोण काय करते ते त्याला काय माहीत. तर आता एसक्यूएल सर्व्हरलाच विचारायचं. "सिस.एसक्यूएल_एक्स्प्रेशन_डिपेन्डन्सीज" पाहा, त्या टेबलाचं नाव कोणत्या प्रोसिजरमधी, व्ह्यूमधी, ट्रिगरमधी (ओळ भरली-बदलली की आपोआप चालणारा कोड) आलं ते दाखवते. पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका, प्रोसिजरमधी डायनॅमिक एसक्यूएल असलं, म्हणजे क्वेरी स्ट्रिंगमधी जोडून चालवली असंल, तर ते नातं तिथं नोंदलंच जात नाही. म्हणून सोबत "सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्स" च्या डेफिनिशन कॉलममधी टेबलाचं नाव लाइकनं शोधा, स्ट्रिंगमधलं पण सापडते. डेफिनिशन नल दिसली तर ती वस्तू एन्क्रिप्ट करून ठेवली समजा, ती यादी वेगळी काढा.

आणि हे सगळं करून नाही सापडलं तर एसक्यूएल एजंट, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप जॉब चालवणारा एसक्यूएल सर्व्हरचा भाग. पुष्कळ लोक हे विसरतात. एजंटच्या जॉबच्या स्टेपमधी सरळ अपडेट लिहिता येते, प्रोसिजर लागतच नाही, आणि तो मजकूर तुमच्या डेटाबेसमधी नसतेच, तो राहते "एमएसडीबी" डेटाबेसच्या "सिसजॉबस्टेप्स" टेबलात, कमांड नावाच्या कॉलममधी. तिथं लाइक मारा. मला वाटते तिथंच भेटंल, कारण ट्रिगर असता तर लोड झाल्या झाल्या आकडा बदलला असता. तुम्ही एक करा, रात्री लोड संपला की लगेच ती ओळ पाहा आणि सकाळी परत पाहा.

राळेगावकडचा

दादा, एजंटमधीच भेटलं. रात्रीच्या लोडनंतर एक जॉब आहे, नाव "डेली क्लीनअप", त्याच्या तिसऱ्या स्टेपमधी अपडेट, आज लोड झालेल्या सगळ्या ओळींना 8 च्या वरच्या ओलाव्याची कपात. नाव पाहून कोणाला वाटंल का त्यात वजन बदलते म्हणून! लॉग साफ करत असंल म्हणून मी कधी उघडलंच नव्हतं.

आणि पहिली कपात पण समजली, त्यासाठी सेंटरवर फोन लावावा लागला. त्या दोन सेंटरला काट्याचं सॉफ्टवेअरच नाही, तिथला ऑपरेटर संध्याकाळी एक्सेल भरून पाठवते. एक्सेलच्या कॉलमचं नाव "वजन" एवढंच. त्यानं विचार केला की हेड ऑफिसला वहीचा आकडा पाहिजे असंल, तर तो कपात करून भरते. त्याची काही चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही कोणतं वजन.

आता ती स्टेप बंद करून टाकू का? का ऑपरेटरला सांगू कपात न करता भर म्हणून?

दर्यापूर_डीबीए

थांबा, आज काहीच बंद करू नका. त्या स्टेपमधी अजून एक धोका आहे, ती "आजच्या ओळी" एवढंच पाहते ना? जॉब फेल झाला आणि कोणी परत चालवला तर त्याच ओळींवर परत कपात बसंल. मूळ वजनावरच वरून लिहिल्यामुळं आधी काय होतं ते वेअरहाऊसमधी उरतच नाही. म्हणून काढायचं आहेच, पण उद्या.

वरुडची_ताई

बरोबर आहे दादाचं. आतापर्यंत तू मागं पाहिलंस, आता त्याच कॉलमवर उभं राहून पुढं पाहा, हा आकडा कोण कोण वापरते. लिनिएज आणि इम्पॅक्ट ही एकाच नात्याची दोन तोंडं, म्हणून त्या कन्सोलमधी दोन्ही एकत्र ठेवले. डिझायनरमधी टेबलावर राइट क्लिक करून "व्ह्यू व्हेअर यूज्ड" घे, कोणते फ्लो ते टेबल उचलतात ते दिसंल. डेटाबेसमधले व्ह्यू आणि प्रोसिजर दादानं सांगितले तसे पाहा. आणि जे कोणत्याच टूलमधी नाही ते माणसाला विचारून लिहून काढ: कोण एक्सेलला कनेक्शन लावून बसलं, कोण महिन्याला डेटा उतरवून घेते.

त्या ऑपरेटरबद्दल तू लिहिलंस ते मला फार महत्त्वाचं वाटलं. त्या कॉलमला "वजन" नाव आणि पुढं एक ओळ पण नाही की हे कपातीच्या आधीचं का नंतरचं, तर कोणीही शहाणा माणूस आपल्या समजुतीनंच भरणार. माझ्या मते एक कॉलम ठेवूच नको, दोन ठेव. काट्याचं वजन वेगळं, ते कोणी हात लावायचं नाही, आणि कपातीनंतरचं वजन वेगळं, ते डेटा फ्लोच्या क्वेरी ट्रान्सफॉर्ममधी काढ म्हणजे मॅपिंगमधी नियम लिहून राहील आणि लिनिएजमधी दिसंल. मग जॉब परत चालला तरी तेच उत्तर येईल. आणि एसक्यूएल सर्व्हरमधी दोन्ही कॉलमला वर्णन चिकटव, एक्स्टेंडेड प्रॉपर्टी असते "एमएस_डिस्क्रिप्शन" नावाची, मराठीतच लिही, नागपूरच्या साहेबाला आणि सेंटरच्या ऑपरेटरला दोघांना वाचता आलं पाहिजे.

पुसद_बँकवाला

मधात बोलतो, माफ करा. यासाठी एखादं डेटा कॅटलॉग का नाही घेत? डेटाहब आहे, ओपनमेटाडेटा आहे, दोन्ही ओपन सोर्स, लायसनचा खर्च नाही. डेटाहब लिंक्डइननं 2020 ला खुलं केलं, चांगलं आहे, सर्च करून टेबल पाहता येते, वर्णन लिहिता येते, मालक कोण ते टाकता येते. आमच्या बँकिंगमधी तर हा विषय फार आधी आला, 2008 च्या संकटात मोठमोठ्या बँकांना आपलीच जोखीम वेळेवर बेरीज करून सांगता आली नव्हती, म्हणून बासल समितीनं (बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी समिती) जानेवारी 2013 मधी बीसीबीएस 239 नावाची तत्त्वं काढली. तेव्हापासून आकडा कुठून आला हे विचारायला कोणी लाजत नाही.

वरुडची_ताई

घ्यावं, मी नाही म्हणत नाही, मी स्वतः वापरते. पण एवढं लक्षात ठेवून घ्यावं की कॅटलॉगला पण ज्या जागा वाचायला दिल्या तेवढ्याच तो वाचते. याच्या केसमधी एजंटची स्टेप आणि सेंटरचं एक्सेल, दोन्ही त्याला आपोआप नसतं दिसलं, हातानंच बाण काढून द्यावा लागला असता. ओपनलिनिएजचं स्टँडर्ड या बाबतीत चांगलं वाटते, त्यात जॉब चालतानाच सुरू झालो, संपलो, हे इनपुट घेतलं, हे आउटपुट दिलं असा निरोप पाठवते, नंतर कोड वाचून अंदाज करत बसावं लागत नाही. तरी निरोप पाठवायची सोय ज्या जॉबमधी बसवली तोच पाठवंल ना. आधी याचा हा कॉलम सरळ होऊ दे, कॅटलॉग पुढच्या हंगामाच्या आधी बसवता येईल.

राळेगावकडचा

पुढं पाहिलं ताई, आणि बरं झालं पाहिलं. शेतकऱ्याचं रोजचं चुकारं, हिशेबपट्टी, ते वेअरहाऊसवरून नाही निघत, ते सेंटरवरच निघते, दोन्ही सेंटरच्या काही पट्ट्या तपासल्या, बरोबर आहेत, एकदाच कपात आहे. पण हंगाम संपला की कंपनी क्विंटलमागं बोनस देते आणि त्याची यादी मात्र याच वेअरहाऊसच्या निव्वळ वजनावरून नागपूरला बनते. म्हणजे त्या दोन सेंटरवरचे सगळे शेतकरी, ज्यांचा माल 8 च्या वर होता, त्यांना बोनस कमी लागणार होता. एका गाडीला अर्धा क्विंटल पण नाही, पण हंगामाच्या सुरुवातीच्या वेचणीचा माल बहुतेक ओलाच असते आणि लोकांच्या एकेका हंगामात पाच-सहा गाड्या होतात. माणूस वर्षभर राबते, त्याच्या वजनाचं असं होऊन नाही चालत.

साहेबांना काटापट्टी, स्टेजिंगची ओळ, वेअरहाऊसची ओळ आणि एजंटच्या स्टेपचा मजकूर असं चारही एका मेलमधी पाठवलं. यादी थांबवली त्यांनी. सेंटरला एक्सेलचा नवा नमुना गेला, त्यात "काट्याचं वजन, कपात न करता" आणि "ओलावा टक्के" असे दोन रकाने, कपात आता फ्लोमधीच टाकतो आणि मग ती स्टेप बंद. एकच राहिलं, मागच्या हंगामाची यादी पण याच आकड्यावर गेली का ते कसं समजंल? तेव्हा मी इथं नव्हतो.

हिंगणघाट_जिनिंग

शाबास. मागच्या हंगामाच्या काटापट्ट्यांची स्थळप्रत सेंटरवर असतेच, गठ्ठे बांधून ठेवतात, रद्दीत घालू नका म्हणून आजच फोन करा.

दर्यापूर_डीबीए

एजंटची रनची हिस्ट्री एवढी मागची नाही भेटणार, बदललं नसलं तर सगळे जॉब मिळून 1000 ओळी आणि एका जॉबच्या 100 च राहतात, जुन्या उडतात. पण "सिसजॉब्स" टेबलात जॉब कधी बनवला आणि शेवटी कधी बदलला दोन्ही तारखा असतात. बनवल्याची तारीख मागच्या हंगामाच्या नंतरची असली तर सुटलात. आधीची असली तर अंदाज नका करू, वेअरहाऊसचा मागच्या हंगामाचा बॅकअप दुसऱ्या नावानं रिस्टोअर करा, काकांच्या स्थळप्रतीमधून 8 च्या वरच्या ओलाव्याच्या काही गाड्या घ्या आणि त्याच ओळी तिथं पाहा. स्थळप्रत न मिळाली तर एक्सेलच्या जुन्या फाइली मेलमधी पडून असतील, त्या पण चालतात, फक्त त्यातलं वजन कपातीनंतरचं आहे हे धरून तपासा.